गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी: सुई टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर

गरोदरपणाची नोंद करायला गेलं की हातात तपासण्यांची यादी पडते. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉईड, लघवी. डॉक्टर किंवा सिस्टर प्रत्येकीवर एखादं वाक्य तरी बोलतात: रक्त कमी आहे, गोळ्या चुकवू नका, साखर काठावर आहे, भात कमी करा. एका नावावरून मात्र सगळेच घाईने पुढे सरकतात. ते नाव म्हणजे एचआयव्ही. बाईही विचारत नाही. विचारलं तर 'हिला हे का विचारावंसं वाटलं' असं शेजारी बसलेल्या सासूच्या मनात येईल, ही धास्ती असते.

खरं तर सगळ्यात जास्त बोलायला हवं ते याच तपासणीबद्दल. ती सरकारी केंद्रात फुकट होते, औषध फुकट मिळतं आणि औषध वेळेवर सुरू झालं तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता अगदी थोडी उरते. तरीही काही बाळं संसर्ग घेऊन जन्माला येतात. औषध कमी पडलं म्हणून असं होतं हे क्वचितच. बहुतेक वेळा आईपर्यंत तपासणी उशिरा पोचलेली असते, किंवा तपासणी झाल्यावर तिच्याशी नीट बोलायला कुणी नसतं.

आधी धोका किती, ते पाहू. एचआयव्ही असलेल्या शंभर गरोदर बायकांना कोणतंच औषध मिळालं नाही आणि त्यांनी बाळांना अंगावर पाजलं, तर साधारण १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. म्हणजे काहीच केलं नाही तरी निम्म्याहून अधिक बाळं सुटतात. पण औषध चालू असेल तर हा आकडा पाचाच्या खाली येतो, आणि लवकर सुरू होऊन नियमित घेतलं तर एक-दोनपर्यंतही. पोटात असताना वार आईचं आणि बाळाचं रक्त बऱ्यापैकी वेगळं ठेवते, त्यामुळे नऊ महिन्यांत मिळून जितका धोका असतो त्याहून जास्त कळांच्या काही तासांत असतो. तेव्हा थोडंफार रक्त मिसळतं आणि बाहेर येताना बाळाचा आईच्या स्रावांशी संबंध येतो. तिसरी वाट दुधाची. आईच्या रक्तातला विषाणू औषधाने दाबला की या तिन्ही वाटा एकदमच अरुंद होतात, म्हणून सगळा भर आईच्या उपचारावर असतो.

हे एका दिवसात ठरलं नाही. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासाने दाखवलं की झिडोवुडीन नावाचं औषध गरोदरपणात, कळांमध्ये आणि नंतर बाळाला दिलं तर संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटतो. भारतात २००० साली महाराष्ट्रासह जास्त प्रमाण असलेल्या राज्यांतल्या ११ मोठ्या रुग्णालयांत प्रयोग म्हणून हे काम सुरू झालं आणि २००२ पासून त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचा एक डोस, एवढंच होतं. स्वस्त आणि सोपं, पण अर्धवट: दुधातून होणारा संसर्ग त्याने थांबत नव्हता आणि एकाच डोसामुळे विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होण्याची भीती होती. बाळाला हे औषध एका डोसाऐवजी सहा आठवडे दिलं तर काय होतं, यावर इथिओपिया, युगांडा आणि भारतात मिळून अभ्यास झाला. त्यातलं भारतातलं काम पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि ससून रुग्णालयात झालं होतं. आज देशभर बाळांना किमान सहा आठवडे औषध दिलं जातं, त्यामागे पुण्यातल्या आयांचा आणि बाळांचाही वाटा आहे. पुढे १ जानेवारी २०१४ पासून नियम पक्का झाला: एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, तिच्या प्रतिकारशक्तीचा आकडा काहीही असो, लगेच आणि जन्मभरासाठी पूर्ण उपचार.

तपासणी होते कशी

गावात हे काम उपकेंद्रावर किंवा अंगणवाडीत भरणाऱ्या आरोग्य दिनाला होतं. सिस्टर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतात, थोड्या वेळात उत्तर. बहुतेक ठिकाणी त्याच थेंबावर सिफिलिसही तपासला जातो. तोही आईकडून बाळाला जातो आणि वेळेवर पेनिसिलिन दिलं तर बराही होतो, त्यामुळे ही जोडी शहाणपणाची आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात यासाठी वेगळं केंद्र असतं, आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी एकाच ठिकाणी. तिथे एक समुपदेशक आणि एक लॅब टेक्निशियन असतात.

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक घबराट होते ते नीट समजून घेऊ. उपकेंद्रावरची पट्टी 'रिॲक्टिव्ह' आली म्हणजे एचआयव्ही आहे असं नाही. ती फक्त चाळणी आहे. देशभरातल्या गरोदर बायकांत एचआयव्हीचं प्रमाण हजारात दोन-तीनच्या आसपास आहे. समजा, एखादी चाचणी हजारात पाच वेळा उगाचच रिॲक्टिव्ह दाखवते. तसं पाहिलं तर ही चांगली चाचणी झाली. पण मग हजार बायकांत सात-आठ जणींची पट्टी रिॲक्टिव्ह येईल आणि त्यातल्या खऱ्या दोन-तीनच असतील. म्हणून आयसीटीसीत वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्या करतात आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच 'पॉझिटिव्ह' असं लिहून देतात. उपकेंद्रावरून चिठ्ठी घेऊन निघालेल्या बाईला कुणीतरी हे गणित सांगायला हवं. नाहीतर तालुक्याला जाणाऱ्या एसटीत तिचं अर्धं आयुष्य संपून जातं, किंवा ती त्या एसटीत बसतच नाही.

उलट बाजूही आहे. ही पट्टी विषाणू नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि संसर्ग झाल्यावर ती रक्तात तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. या काळात चाचणी 'नॉन-रिॲक्टिव्ह' येऊ शकते. म्हणून तिसऱ्या महिन्यातला निगेटिव्ह रिपोर्ट नवव्या महिन्यासाठी पुरेलच असं नाही. नवऱ्याला एचआयव्ही आहे, किंवा दोघांपैकी कुणालाही संसर्गाचा धोका आहे, अशा वेळी प्रसूतीच्या आधी पुन्हा तपासावं लागतं. गरोदरपणात नव्याने संसर्ग झाला तर रक्तात विषाणू प्रचंड वाढलेला असतो आणि बाळाला धोका जुन्या संसर्गापेक्षा जास्त असतो. पहिल्या नोंदणीच्या वेळी तपासलं की काम झालं, ही समजूत इथे महाग पडते.

आणि कुठेच तपासणी न झालेली बाई थेट कळा देत आली तर? तेव्हाही पट्टी लावतात, पॉझिटिव्ह आली तर त्याच वेळी औषध सुरू होतं आणि बाळालाही जन्मल्याबरोबर. वेळ हुकली असं कधीच नसतं, फक्त जितका उशीर तितका फायदा कमी. दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतल्या बायकांचं नेमकं हेच होतं. नोंद गावच्या उपकेंद्रात, पोट वाढतं ते परजिल्ह्यातल्या फडावर, आणि प्रसूती कुठे होईल ते साखर कारखान्याच्या हंगामावर अवलंबून. या बायकांनी स्वतःहून केंद्र शोधावं ही अपेक्षाच चुकीची आहे. सिस्टरने आणि आशाताईने फडावर जायला हवं, आणि जिथे त्या जातात तिथे तपासणी होतेही.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

सन २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. त्यानुसार समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, आणि त्या संमतीतच चाचणीआधीचं आणि नंतरचं समुपदेशन धरलेलं आहे. गरोदर बाईला चाचणी सुचवलीच जाते, पण 'नको' म्हणायचा हक्क तिच्याकडे राहतो, आणि नाही म्हटलं म्हणून तिची बाकीची तपासणी किंवा प्रसूती नाकारता येत नाही.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर पंधरा-वीस बायका बसलेल्या असतात आणि सगळ्यांना मिळून पाच मिनिटं माहिती दिली जाते. याला माझी हरकत नाही. एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही, बाळाला कसं वाचवता येतं, हे एकत्र सांगता येतं. पण रिपोर्ट सांगताना दार बंद असायला हवं आणि खोलीत फक्त ती बाई असायला हवी. आई, नणंद, नवरा यांना बाहेर थांबायला सांगणं हे समुपदेशकाचं काम आहे; बाईला ते स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही.

चांगला समुपदेशक पहिल्या भेटीत फार थोडं सांगतो. रिपोर्ट ऐकल्यावर माणसाला पुढची वाक्यं ऐकूच येत नाहीत. त्या दिवशी तीन गोष्टी पोचल्या तरी पुष्कळ: तू जगणार आहेस, बाळ निरोगी होऊ शकतं, आणि उद्या किंवा परवा पुन्हा ये. बाकी, म्हणजे औषध कधी घ्यायचं, कुणाला सांगायचं, नवऱ्याची तपासणी, पुढच्या एक-दोन भेटींत. गर्भ ठेवायचा की नाही हा प्रश्नही बाई विचारते. तिला माहिती द्यायची, निर्णय तिचा. 'अशा अवस्थेत मूल कशाला' असं म्हणणारा माणूस त्या खुर्चीवर नसावा.

नवऱ्याचा विषय सगळ्यात अवघड. घरात सर्वात आधी तपासणी होते ती गरोदर सुनेची, कारण दवाखान्यात तीच येते. त्यामुळे घरातला पहिला पॉझिटिव्ह रिपोर्टही तिचाच निघतो आणि खापर तिच्याच डोक्यावर फुटतं. संसर्ग कुणाकडून कुणाला आला हे या चाचणीतून कळत नाही. नवऱ्याला तो लग्नाआधीपासून असू शकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोघांनी जोडीने तपासून घेणं उत्तम. पण त्यासाठी तिच्यावर जबरदस्ती करता येत नाही. समुपदेशकाने आधी तिलाच सांगायला मदत करायची असते. नवऱ्याला संसर्गाचा मोठा धोका आहे आणि ती सांगायला तयार नाही, अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक तिला पूर्वकल्पना देऊन त्याला सांगू शकतात. मात्र मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल तर सांगायचं नाही, असं कायदाच म्हणतो, आणि त्यात स्त्रियांचा खास उल्लेख आहे. सासूला, आईला, सरपंचाला सांगायचा अधिकार तर कुणालाच नाही. गावातल्या सिस्टरलाही ओळखीपोटी एखाद्या नातेवाइकाच्या कानात कुजबुजता येत नाही, हे मुद्दाम लिहितो आहे, कारण गुपित बहुतेक वेळा असंच फुटतं.

खासगी दवाखान्यांचं चित्र वेगळं. तिथे तपासणी सहसा चुकत नाही, बोलणं चुकतं. 'प्रोफाइल'मध्ये एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) एकत्र निघून येतात, बाईला काय तपासलं हे रिपोर्ट हातात आल्यावर कळतं, आणि 'नॉन-रिॲक्टिव्ह' म्हणजे चांगलं की वाईट हे ती मोबाईलवर शोधते. (चांगलं. चाचणीत एचआयव्ही आढळला नाही.) रिॲक्टिव्ह आलं तर काही ठिकाणी एकच वाक्य ऐकायला मिळतं: आमच्याकडे सोय नाही, सरकारीत जा. सोय म्हणून वेगळं काही लागत नाही. हातमोजे, सुया नीट टाकणं, निर्जंतुक साधनं ही काळजी प्रत्येक बाळंतिणीसाठी घ्यायचीच असते, कारण रक्तात काय आहे हे कुणाच्याच कपाळावर लिहिलेलं नसतं. कर्मचाऱ्याला सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत, आणि शक्यतो दोन तासांतच, सुरू करायचं औषध उपलब्ध आहे. फक्त एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा कायद्याने भेदभाव आहे. २० किंवा जास्त माणसं काम करतात अशा दवाखान्यात तक्रार अधिकारी असायला हवा, आणि याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडेही जाता येतं. वैद्यकीय तातडी असेल तर त्याने शक्यतो २४ तासांत आदेश द्यावा अशी तरतूद आहे. आणि हेही खरं की प्रसूती खासगीत करूनही गोळ्या सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रातून, फुकट घेता येतात. दोन्हीकडे पाय ठेवायला हरकत नाही.

गोळी, माहेर आणि बाळगुटी

आता सहसा दिवसाला एकच गोळी असते. तीन औषधं एकत्र केलेली: टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डॉल्युटेग्राविर. इंटरनेटवर शोधणाऱ्यांना डॉल्युटेग्राविरबद्दल जुन्या धास्तीच्या बातम्या सापडतील. २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या पाहणीवरून बाळाच्या मणक्यातल्या दोषाची शंका आली होती. पुढे आणखी माहिती जमल्यावर ती निवळली आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बायकांसह सगळ्यांसाठी हेच औषध सुचवलं. एक बारकावा मात्र प्रत्येक गरोदर बाईला लागू आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी या गोळीबरोबर घेतल्या तर औषध अंगात कमी शोषलं जातं. जेवणासोबत सगळ्या एकदम चालतात. नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ज्या काळात प्रत्येकीच्या पिशवीत लोह-कॅल्शियम असतंच, त्याच काळात हे सांगायचं राहून जातं.

आठव्या महिन्याच्या सुमारास रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजतात. ते दबलेलं असेल तर बाळाचा धोका फार कमी. नसेल तर बाळाला जास्त औषध, जास्त दिवस. एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन लागतं असं नाही. सिझेरियन करायचं ते इतर बायकांना ज्या कारणांनी करतात त्याच कारणांनी.

मग येतं माहेर. सातव्या-आठव्या महिन्यात पहिलटकरीण माहेरी निघते आणि सासरच्या तालुक्यात सुरू झालेला उपचार इथेच तुटायचा धोका असतो. आईला सांगितलेलं नसतं, गोळ्या सामानात कुठेतरी दडवलेल्या असतात, आणि संपल्या की नव्या गावात कुठे जायचं ते माहीत नसतं. निघायच्या आधी एआरटी केंद्रात सांगितलं तर पुढच्या काही आठवड्यांच्या गोळ्या मिळू शकतात किंवा माहेरजवळच्या केंद्राशी जोडून देता येतं. उपचाराचं कार्ड सोबत न्यायचं. बाळंतपण कुठे होणार हे समुपदेशकाने सहाव्या महिन्यातच विचारायला हवं, कारण बाळाचं औषध त्या दवाखान्यात तयार असायला लागतं. देशात कुठूनही १०९७ या मोफत क्रमांकावर जवळचं केंद्र विचारता येतं.

बाळाला पाजायचं का? हो. आई औषध घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, असंच सांगितलं जातं. 'फक्त' या शब्दावर घरात खटके उडतात. बाळगुटी, मधाचं बोट, साखरेचं पाणी, ग्राइपवॉटर, आजीच्या हातून यातलं काहीतरी जातंच. साध्या बाळालाही हे नको असतं. इथे जास्त नको, कारण दुधाबरोबर बाहेरचं काही दिलं की आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि दुधातल्या विषाणूला आत शिरायला वाट मिळते. अर्धं अंगावरचं आणि अर्धं डब्याचं, हा सगळ्यात वाईट पर्याय. आजीला खरं कारण सांगायची गरज नाही. 'डॉक्टरांनी कुणालाच काही द्यायचं नाही असं सांगितलंय' एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.

जन्मल्यावर बाळाला किमान सहा आठवडे औषधाचे थेंब. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पीसीआर चाचणीला पाठवतात; ती थेट विषाणूच शोधते. नेहमीची पट्टी इतक्या लहान बाळावर चालत नाही, कारण आईची प्रतिद्रव्यं वारेतून बाळात आलेली असतात आणि ती दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. पट्टी त्यांनाच पकडते. म्हणजे तीन महिन्यांच्या बाळाचा पट्टीवरचा 'पॉझिटिव्ह' हा बहुधा आईचाच रिपोर्ट असतो. पुन्हा सहा महिन्यांना, वर्षाला आणि शेवटी १८ महिन्यांना तपासतात. सहाव्या आठवड्याचा कागद चांगला आला की पुष्कळ आया येणं थांबवतात, पण दूध चालू आहे तोवर धोका शून्य झालेला नसतो, म्हणून १८ महिन्यांचा शेवटचा रिपोर्ट हाच पक्का. पाजणं त्याआधीच थांबलं असेल आणि तो निगेटिव्ह असेल तर बाळाला एचआयव्ही नाही, विषय संपला. तो कागद आईने स्वतःजवळ ठेवावा. अंगणवाडीत, बालवाडीत किंवा शाळेत तो दाखवायची गरज नाही, आणि प्रवेशासाठी अशी चाचणी मागणंही कायद्याला मान्य नाही.